गच्चीवरून: थंडीत जरा उपाशी ठेवा

प्रश्न: ताई, चार वर्षांपूर्वी सिक्कीमच्या सहलीत डेंड्रोबियम नोबिली या ऑर्किडचं रोप घेतलं. तेव्हा भरभरून फुललेलं होतं. पाकळ्यांची टोकं जांभळी, मधोमध गडद डाग. नंतर एकदाही फूल नाही. दर वर्षी कांड्यांच्या पेरांवर नुसती पिल्लं, म्हणजे छोटी रोपं, फुटतात. थंडीत मी कुंडी घरात घेते, दोन दिवसांआड पाणी आणि पंधरवड्याला १९:१९:१९ खत देते. पानं गळलेल्या कांड्या कापून टाकते. चुकतंय कुठे? — एक वाचक, नाशिक

उत्तर: तुमच्या मायेत चुकतंय, दुसरं काही नाही.

नोबिली हिमालयाच्या उतारांवरची आमरी, म्हणजे ऑर्किड, सिक्कीमचं राज्यफूल. तिकडे पावसाळ्यात ती झाडाच्या खोडावर भिजत वाढते आणि हिवाळ्यात तिला कोरडं, थंड आणि उजेडाचं मिळतं. ती उपासमार झाली की पेरांवर कळ्या धरतात. तुम्ही थंडीतही ऊब, पाणी आणि नत्र देता. मग रोपाला वाटतं, अजून वाढायचेच दिवस आहेत. जिथे कळी यायची तिथे पिल्लू येतं.

कापलेल्या कांड्यांचं मात्र वाईट वाटलं. फुलं आदल्या वर्षी वाढलेल्या कांड्यांवर येतात, आणि पुष्कळदा पानं गळून गेल्यावरच. म्हणजे वाळकी समजून तुम्ही फुलायच्या कांड्याच टाकल्या. कांडी पिवळी, सुरकुतलेली, पण दाबून टणक लागली तर हात लावू नका. पोकळ झाली तरच कापा.

यंदा असं करा. खत सप्टेंबरअखेर बंद. दिवाळीनंतर कुंडी बाहेर, सकाळचं ऊन मिळेल अशी ठेवा, आणि पाणी जवळजवळ तोडा. कांड्या फारच चिरमटल्या तर पंधरा दिवसांतून एकदा सकाळी हलकासा फवारा. रात्री १०-१२ अंशांच्या चार-सहा आठवडे मिळाल्या की काम होतं, आणि ते नाशिकला फुकट मिळतं. डोंबिवलीतल्या माझ्या भाचीला मिळत नाही, म्हणून तिला मी नोबिलीचा नाद सोडायला लावला. फक्त निफाडला द्राक्षबागांत शेकोट्या पेटवायची वेळ आली, की तेवढ्या रात्री कुंडी आत घ्या.

पुढे पेरांवर मुगाएवढे फुगवटे दिसतील. इथे घाई नडते. लगेच पाणी सुरू केलंत तर त्यांचीही पिल्लं होतील. कळीचा आकार स्पष्ट दिसेपर्यंत थांबा.

हे मी शहाणपणाने सांगत नाही. माझ्या पहिल्या नोबिलीची पानं डिसेंबरात पिवळी पडली तेव्हा मी घाबरून दुप्पट पाणी घातलं. कुंडीत होतं नुसतं कोकोपीट, म्हणजे पाणी धरून ठेवणारा नारळाच्या काथ्याचा भुसा. फेब्रुवारीत एक मूळ ओढून पाहिलं तर वरचं साल मोज्यासारखं हातात आलं, आत उरला होता दोरा. ते साल म्हणजे मुळाचा स्पंज. कोरडं असताना चंदेरी, भिजलं की हिरवं. पाण्याचं वेळापत्रक करू नका, त्याचा रंग बघा. आता माझ्या कुंड्यांत विटांचे तुकडे, लोणारी कोळसा आणि दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवलेले नारळाच्या सोडणाचे तुकडे असतात, बास.

प्रश्न: वादळात पडलेल्या आंब्याच्या फांदीवर सीतेची वेणी ही आमरी मिळाली. कुंडीत लावू का? शिवाय तिच्या शेंगेतलं बी नारळाच्या खोडाला चोळलं होतं, काहीच उगवलं नाही. — एक वाचक, सावंतवाडी

उत्तर: कुंडीत नको, मातीत तर मुळीच नको. रोप फांदीवरून सोलू नका, मुळं तुटतात. फांदीचा तेवढा तुकडा करवतीने कापा आणि परसातल्या आंब्याफणसाला, दुपारचं ऊन लागणार नाही अशा बाजूला, सुतळीने घट्ट बांधा. हलला तर नवी मुळं धरत नाहीत. पावसाळा पुढचं बघून घेईल.

बी उगवलं नाही यात नवल नाही. आमरीचं बी धुळीसारखं असतं, त्यात अन्नाचा साठाच नाही. विशिष्ट बुरशी भेटली तरच ते रुजतं. कॉर्नेल विद्यापीठातल्या लुईस नडसन यांनी १९२२ साली साखर घातलेल्या अगारवर (समुद्री शेवाळाच्या जेलीवर) बुरशीशिवाय बी रुजवून दाखवलं. आज रोपवाटिकेत रोपं मिळतात ती त्या वाटेनेच. ते काम बाटलीतलं, निर्जंतुक खोलीतलं. आपल्या ओट्यावरचं नव्हे.

आणि उभ्या झाडावरची आमरी काढून विकणारा कुणी भेटला तर घेऊ नका. निळी व्हँडा, लाल व्हँडा आणि लेडीज स्लिपर या तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत.

प्रश्न: फेलेनॉप्सिस या आमरीच्या कुंडीत आठवड्याला बर्फाचे खडे ठेवायचे म्हणतात, खरं का? — एक वाचक, दादर

उत्तर: उष्ण प्रदेशातलं रोप आहे हो ते! साधं पाणी घाला, सकाळी. शेंड्यातल्या पानांच्या बेचक्यात साचलं तर कापसाच्या बोळ्याने टिपून घ्या, नाहीतर तिथूनच कुजायला सुरुवात होते.