परातीवरचं नाव आधी वाच

चि.,
अनेक आशीर्वाद.

आजीच्या वर्षश्राद्धाला पुस्तिका काढायचा बेत चांगला आहे. मसुदा वाचला. पहिल्या दोन पानांत 'प्रेमळ', 'कष्टाळू' आणि 'माऊली' यांनीच जागा खाल्लीय. खोडून टाक. ते कुठल्याही आजीला चालतं.

आधी वय. आधारवरची १ जून बहुधा अंदाजाची असते, आणि घरचे म्हणतात त्या 'शंभरी'त चार-पाच वर्षं हौसेची. शाळेचं जनरल रजिस्टर बघ, पण माहेरच्या नावानं. सासरचं नाव सांगितलं की 'नोंद नाही' म्हणतात, आणि माणसं तिथूनच परत फिरतात.

मग बाळंतपणं ओळीनं मांड, जगलेली-गेलेली सगळी. दोन भावंडांत पाच वर्षांचं अंतर दिसलं तर मधलं एखादं बाळ गेलेलं असू शकतं. हे लेकांना ठाऊक नसतं. आजीच्या धाकट्या जावेला विचार. एकटीला गाठ, पंखा बंद कर, फोन रेकॉर्डिंगला लावून उशीवर ठेव. सन मात्र विचारू नको, तो कुणाच्याच ध्यानात नसतो. 'भूकंपात कडेवर कोण होतं?' असं विचार. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. पोरं उचलून बाहेर पळालेली बाई ते विसरत नाही. त्याआधीच्या खुणा म्हणजे कोल्हापूर संस्थानाचं विलीनीकरण (१ मार्च १९४९) आणि नवे पैसे (१ एप्रिल १९५७). महापुरांचा घोळ होतो. १९८९, २००५, २०१९, २०२१ एकमेकांत मिसळतात. पाणी कितव्या पायरीला लागलं, जनावरं कुठं बांधली, हे विचारलं की सुटे होतात.

माळ्यावरची भांडी उतरव. लग्नातल्या परातीवर देणाऱ्याचं नाव ठिपक्यांनी ठोकलेलं असतं, कधी तारीखही. चिंचेनं हलक्या हातानं पूस. तारेची घासणी लावलीस तर ठिपके बुजतील. फोटो तिरक्या उन्हात काढ, समोरच्या उजेडात अक्षरं उठत नाहीत. जुना फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर ओढू नको, चेहरा काचेवरच राहील. काचेसकट टिपून घे.

चटणीचं पान तू 'अंदाजानं घालायची' म्हणून संपवलंयस. तिची वाटी अजून घरात आहे ना? तीत धणे भरून तोल, मग तीळ, मग सुकं खोबरं. जिन्नस बदलला की वाटीचं वजन बदलतं, म्हणून प्रत्येक वेगळा. डंकावर (चटणी कुटायच्या गिरणीवर) तिच्यासंगं जी सून जायची, तिला मिरचीचं विचार: संकेश्वरी किती, ब्याडगी किती. आणि कांदा उन्हात वाळवायची की तेलात तळायची? ओलसर राहिला तर चटणीला बुरशी येते, त्यामुळं तिची पद्धत नेमकी उतरव.

पुढचा मसुदा पाठवशील तेव्हा परातीचा फोटो आधी धाड.