टी-शर्टवर १९५० च्या दशकातल्या अमेरिकन विज्ञानकथा मासिकाचा बाज कसा आणावा?

फक्त रॉकेट काढून त्यावर ओरखड्यांचा फिल्टर मारू नका. जुनेपणा मांडणीतून येतो. 'गॅलक्सी' हे मासिक ऑक्टोबर १९५० मध्ये निघालं, त्याचे सुरुवातीचे अंक नीट बघा. चित्र पानभर पसरलेलं नाही. वर आणि डाव्या बाजूला पांढरी पट्टी सोडली आहे आणि वरच्या पट्टीत ठसठशीत नाव. ही चौकट छातीवर आली की दुरूनही मासिक ओळखू येतं, आत चित्र काहीही असो.

रंग तीन-चारच ठेवा: मोहरीसारखा पिवळा, विटकरी, निळसर हिरवा, काळा. शुभ्र पांढऱ्याऐवजी सायीचा रंग घ्या. स्क्रीन प्रिंटिंगला हाफटोन, म्हणजे लहान-मोठ्या ठिपक्यांतून छटा दाखवणारी जाळी, इंचाला ४५ ओळींच्या आसपास ठेवा, म्हणजे ठिपके डोळ्यांना दिसतील. तीच तर त्या छपाईची खरी गंमत! प्लास्टिसॉल शाईचा जाड थर कापडावर रबरासारखा बसतो. त्यापेक्षा वॉटर-बेस्ड शाई सांगा, ती सुतात मुरते.

खरं मुखपृष्ठ स्कॅन करून छापू नका. अमेरिकेत १९६४ पूर्वीच्या ज्या अंकांचे हक्क नूतनीकृत झाले नाहीत ते मुक्त आहेत, पण अंकागणिक तपासावं लागतं. माझं ऐकाल तर स्वतःचीच एक कथा कल्पा. तिचं नाव ठरवा, तिच्यातला ऐन संकटाचा क्षण चित्रात पकडा आणि अंकाचा महिना नि किंमतही घाला. मासिकाचं नावही तुमचंच असू द्या.