साथीच्या काळात आरोग्य, वांशिक न्याय आणि लोकांचं पोट यांचा मेळ घालता येतो का? अमेरिकेत २०२० मध्ये नेमकं काय चुकलं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. साथ आवरायची, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) लोकांवरचा अन्याय वाढू द्यायचा नाही आणि कुणाची चूलही विझू द्यायची नाही, हे एकाच वेळी जमतं का, ही पहिली. ‘घरात बसा’ म्हणणाऱ्या तज्ज्ञांनीच जूनमध्ये, जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूनंतर निघालेल्या मोर्चांना पाठिंबा दिला, तो दुटप्पीपणा नव्हता का, ही दुसरी. पहिलं जमतं, पण क्रम पाळला तरच: पगारी रजा आणि पैसा आधी, बंधन त्यानंतर. दुसऱ्याचं उत्तर ‘काही अंशी होता’ असं आहे. त्याकडे नंतर येतो.

क्रमाचं महत्त्व सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन वस्तीत फार स्पष्ट दिसलं. २५ ते २८ एप्रिल २०२० या चार दिवसांत तिथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डॉक्टरांनी आणि स्थानिक लॅटिनो संघटनांनी मिळून जेमतेम सोळा ब्लॉकच्या एका भागात सरसकट तपासणी केली. लक्षणं असोत वा नसोत, जो येईल त्याची. पहिल्या निकालांत सुमारे ३ हजारांपैकी ६२ जण पॉझिटिव्ह निघाले. तपासणीला आलेल्यांत लॅटिनो ४४ टक्के होते. पॉझिटिव्ह निघालेल्यांत ९५ टक्के. आणि पॉझिटिव्ह निघालेल्यांपैकी ९० टक्के लोकांना घरून काम करणं शक्यच नव्हतं. निम्म्याहून जास्त जणांना काहीही लक्षण नव्हतं, म्हणजे दुसऱ्या दिवशी ते कामावर गेलेच असते. एकाच शहरात, ‘घरात बसा’ या एकाच आदेशाखाली, एका गल्लीत साथ आटोक्यात आणि शेजारच्या घरात ती चालू, असं ते चित्र होतं. फरक रक्तातला नव्हता, हजेरीपुस्तकातला होता.

अशा माणसाला ‘चौदा दिवस वेगळे राहा’ असं फोनवर सांगून काही होत नाही. फोन करणाऱ्याने आधी विचारायला हवं: घरात किती जण आहेत, संडास किती, भाड्याची तारीख कोणती, आज रात्रीचं जेवण कोण आणणार, मालकाला कळवलं तर नोकरी राहील का. सॅन फ्रान्सिस्कोने यातून एक साधी योजना काढली. पॉझिटिव्ह निघालेल्या आणि पगारी रजा नसलेल्या माणसाला १,२८५ डॉलरपर्यंत रोख मदत. हा आकडा हवेतून आलेला नाही. शहराचं किमान वेतन त्या जुलैपासून ताशी १६.०७ डॉलर होतं. दोन आठवड्यांचे ८० तास धरा, १,२८५ येतात. अर्जात इमिग्रेशनची स्थिती विचारली जात नव्हती, आणि योजनेचा जीव याच एका गोष्टीत होता. कारण फेब्रुवारी २०२० मध्येच ‘सरकारी मदत घेणाऱ्याचं ग्रीन कार्ड अडू शकतं’ असा कडक नियम लागू झाला होता. कोरोनाची तपासणी आणि उपचार त्यात धरणार नाही, असं सरकारने मार्चमध्ये जाहीर केलं खरं, पण लोकांच्या मनातली भीती परिपत्रकाने जात नाही. ओळखपत्राचा एक रकाना वाढवला की ज्यांच्यासाठी योजना आहे तेच रांगेतून निघून जातात.

देशपातळीवर हेच तत्त्व पगारी रजेच्या कायद्यात आलं होतं, पण भोकं ठेवून. १८ मार्च २०२० च्या कायद्याने आजारी किंवा क्वारंटाइनमधल्या कामगाराला ८० तासांची पगारी रजा दिली, दिवसाला कमाल ५११ डॉलर. मालकाला तो खर्च करातून परत मिळत होता. या रजेचा परिणाम नंतर मोजला गेला: जिथे ती लोकांना नव्याने मिळाली, तिथे दर राज्यामागे दररोज सरासरी ४०० च्या आसपास रुग्ण कमी नोंदले गेले. पण ५०० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कंपन्यांना कायदा लागूच नव्हता. मोठी किराणा दुकानं, मोठी गोदामं, मोठे मांस-कारखाने, म्हणजे जिथे कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि स्थलांतरित कामगार एकवटलेले, नेमकी तीच ठिकाणं बाहेर राहिली. हे मला त्या वर्षातलं सर्वात महागात पडलेलं कलम वाटतं.

साउथ डकोटातल्या सू फॉल्सच्या डुकराच्या मांसाच्या कारखान्याचं पाहा. सुमारे ३,७०० कामगार, जवळपास ४० भाषा, कापणीच्या पट्ट्यावर खांद्याला खांदा. एप्रिलमध्ये तिथे साथ पसरली तेव्हा, महिनाभर एकही पाळी न चुकवणाऱ्याला ५०० डॉलरचा बोनस जाहीर झालेला होता. ताप असताना कामावर येण्याचंच ते बक्षीस झालं. पुढे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने (सीडीसी) २१ राज्यांतल्या मांस-कारखान्यांची आकडेवारी पाहिली. ज्यांचा वंश नोंदलेला होता, त्या रुग्णांपैकी ८७ टक्के वांशिक अल्पसंख्याक होते. अशा ठिकाणी मास्क वाटण्याआधी तीन गोष्टी कराव्या लागतात: हजेरीवरचा बोनस बंद, रजेचा पगार चालू, आणि सूचना त्या-त्या भाषेत, शक्यतो चित्रांसह. पट्ट्याचा वेग कमी केल्याशिवाय दोन माणसांत अंतर राहत नाही, हेही लक्षात ठेवा. पट्टा त्याच वेगाने धावत असेल तर मधे लावलेला प्लास्टिकचा पडदा नावापुरताच.

आता पैसा. २७ मार्च २०२० च्या मोठ्या कायद्याने प्रौढाला १,२०० डॉलर, मुलामागे ५००, आणि बेकारी भत्त्यावर आठवड्याला ६०० डॉलर जादा दिले. हे सरसकट ६०० का? कारण राज्यांच्या बेकारी खात्यांचे संगणक इतके जुनाट होते की प्रत्येकाच्या पगाराची टक्केवारी काढणं त्यांना झेपलं नसतं. म्हणून सरासरी पगार आणि सरासरी भत्ता यांतला फरक धरून एकच आकडा ठरवला. कमी पगारवाल्याला त्यामुळे पगारापेक्षा जास्त मिळालं आणि त्यावर पुष्कळ टीका झाली. मला ती पटत नाही. घरी बसणं हेच त्या दोन-चार महिन्यांचं काम होतं आणि त्या कामाचा तो मोबदला होता. सरकारी मदत धरून मोजलेलं दारिद्र्य २०२० मध्ये ९.१ टक्क्यांवर आलं, आदल्या वर्षीपेक्षा २.६ टक्केबिंदूंनी कमी, तेही एप्रिलमध्ये २ कोटींहून जास्त नोकऱ्या गेलेल्या वर्षात. पैसा दिला तर गरिबी कमी होते, इतकी ती सरळ गोष्ट होती.

पण वाटपाची वाट कुठून जाते यावर सगळं अवलंबून असतं. लहान धंद्यांसाठीचं ३४९ अब्ज डॉलरचं कर्ज ३ एप्रिलला सुरू झालं आणि १६ एप्रिलला संपलंही. ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ हा नियम दिसायला निःपक्षपाती. पण बँका आधी आपल्या जुन्या कर्जदारांचे अर्ज घेत होत्या, आणि एकट्याने चालवलेल्या धंद्यांना तर १० एप्रिलपर्यंत अर्जच करता येत नव्हता. कृष्णवर्णीयांचे धंदे मोठ्या प्रमाणावर असेच एकट्याचे, बँकेशी जुनं नातं नसलेले. शहाणपण आलं ते फेब्रुवारी २०२१ मध्ये: २० पेक्षा कमी नोकर असलेल्या धंद्यांसाठी चौदा दिवसांची राखीव खिडकी, आणि एकट्या धंदेवाल्याचं कर्ज निव्वळ नफ्यावर न ठरवता एकूण उलाढालीवर.

१,२०० डॉलरमध्येही अशीच एक अट लपलेली होती, तिचा फटका कित्येक मराठी घरांनाही बसला. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, बायको एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर, तिला काम करण्याची परवानगी नाही म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर (सरकारी ओळख क्रमांक) नाही, फक्त कर भरण्यापुरता आयटीआयएन हा क्रमांक. दोघांनी एकत्र विवरणपत्र भरलं असेल तर संपूर्ण कुटुंबाला शून्य. शेतात राबणाऱ्या मेक्सिकन कुटुंबांना लागू झालेली हीच ती अट. डिसेंबर २०२० च्या कायद्याने ती मागील तारखेपासून सैल केली. ज्याच्याकडे नंबर आहे त्याचा वाटा २०२० च्या विवरणपत्रात मागता आला.

वांशिक फरक मोजताना एक चूक हमखास होते, म्हणून थोडं गणित. समजा दोन गट आहेत, प्रत्येकी १० हजारांचे. पहिल्यात साठीपुढचे २ हजार, दुसऱ्यात १ हजार. पहिल्या गटात म्हाताऱ्यांचा मृत्युदर १ टक्का, तरुणांचा ०.०५, दुसऱ्यात दोन्ही दर दुप्पट. मृत्यू मोजा: पहिल्यात २० अधिक ४ म्हणजे २४, दुसऱ्यात २० अधिक ९ म्हणजे २९. वरवर फरक पाचाचा, प्रत्यक्षात प्रत्येक वयात दुप्पट धोका. अमेरिकेत गोऱ्यांचं वय सरासरीने जास्त, म्हणून वयाचा हिशेब न करता काढलेली तुलना अन्याय झाकते. त्यातून प्रयोगशाळांच्या अहवालांत वंशाचा रकाना सुरुवातीला निम्म्याहून अधिक वेळा रिकामाच असे. तो भरण्याची सक्ती १ ऑगस्ट २०२० पासून आली. रिकामे रकाने बाजूला टाकून टक्केवारी काढू नका. ज्या प्रयोगशाळांत ते रिकामे राहतात तिथे कोण जातं, हे आधी बघा.

लशीच्या वेळी हा वयाचाच प्रश्न उलटा उभा राहिला. ‘७५ च्या पुढचे आधी’ हा नियम जीव वाचवणारा, पण ज्या समाजात त्या वयापर्यंत पोचणारेच कमी, तो मागे पडतो. एकट्या २०२० सालात कृष्णवर्णीय आणि लॅटिनो लोकांचं आयुर्मान जवळपास ३ वर्षांनी घटलं, गोऱ्यांचं सव्वा वर्षाच्या आसपास. उपाय म्हणून कॅलिफोर्नियाने कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांसाठी खास नोंदणी-कोड दिले. फेब्रुवारी २०२१ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये ते कोड सुखवस्तू लोकांच्या ग्रुपमध्ये फिरले आणि घरून काम करणारे लस घेऊन आले. सामुदायिक कोड फुटतोच. कोड माणशी एक हवा, एकदा वापरला की बाद. मार्चमध्ये राज्याने वेगळा मार्ग धरला: ४० टक्के लस सर्वात वंचित वस्त्यांच्या झिप कोडसाठी (म्हणजे पिनकोडसाठी) राखून ठेवली आणि बाजार उघडण्याची परवानगी त्या वस्त्यांतल्या लसीकरणाशी बांधली. व्यापाऱ्याला दुकान उघडायचं असेल तर गरीब वस्तीत लस पोचली पाहिजे. आरोग्य, न्याय आणि धंदा एका दोरीत ओवणारं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

अशा योजनांत वस्तीऐवजी थेट वंशाचाच निकष का लावला नाही? तिथलं न्यायालय तसा निकष फार कठोरपणे तपासतं. उपाहारगृहांसाठीच्या २८.६ अब्ज डॉलरच्या निधीत पहिले २१ दिवस महिला, माजी सैनिक आणि वंचित गटांना प्राधान्य होतं. २७ मे २०२१ रोजी अपील न्यायालयाने त्यातलं वंश आणि लिंगावर आधारलेलं प्राधान्य घटनाबाह्य मानून थांबवलं, आणि मंजुरीचं पत्र हातात आलेल्या जवळपास ३ हजार अर्जदारांची मंजुरी रद्द झाली. चांगल्या हेतूने लिहिलेला पण कोर्टात न टिकणारा नियम त्या लोकांनाच बुडवतो. म्हणून वस्तीचा निकष. तोही झिप कोडने न लावता जनगणनेच्या छोट्या गटाने लावावा, कारण एका झिप कोडमध्ये बंगले आणि चाळ दोन्ही मावतात.

आता मोर्चे. जॉर्ज फ्लॉइड यांचा २५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली मृत्यू झाला. ते नाइटक्लबमध्ये रखवालदार होते. टाळेबंदीत ते काम गेलं होतं. एप्रिलमध्ये त्यांना कोरोना झाला होता, हे शवविच्छेदनाच्या अहवालात आहे. पोलीस आले ते २० डॉलरच्या खोट्या नोटेच्या संशयावरून. जूनच्या सुरुवातीला १,२०० हून अधिक आरोग्यकर्मींनी मोर्चांच्या बाजूने पत्र काढलं. वंशद्वेष हा आरोग्याचा प्रश्न आहे, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. चूक झाली ती टाळेबंदीविरोधी निदर्शनांना वेगळं माप लावण्यात. विषाणूला घोषणा ऐकू येत नाहीत. धोका मोकळी हवा, अंतर, मास्क आणि वेळ यांवर मोजायचा, मागणी कोणतीही असो. त्याच महिन्यांत दहा माणसांत आईबापांना निरोप दिलेल्यांना ते पत्र बोचलं, आणि त्यांचा राग मला रास्त वाटतो.

प्रत्यक्षात काय झालं? ३१५ मोठ्या शहरांच्या अभ्यासात मोर्चांमुळे रुग्णवाढ दिसली नाही; मोर्चात नसलेले लोक उलट जास्त घरात थांबले. पण ही शहरभराची सरासरी आहे, सामील झालेल्या माणसाचा धोका ती सांगत नाही. मिनेसोटाने मोर्चेकऱ्यांसाठी वस्तीत केंद्रं उघडली, तिथे पॉझिटिव्ह २ टक्क्यांहून कमी निघाले. खरा धोका अश्रुधुरात होता, कारण त्याने माणूस मास्क काढून खोकतो; आणि सामूहिक अटकेत, बंद बसमध्ये आणि कोठडीत. हे दोन्ही पोलिसांच्या हातात होतं, मोर्चेकऱ्यांच्या नव्हे.

एक गोष्ट आपल्या घरांशी थेट जोडलेली आहे, म्हणून थोडं आणखी. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर तांबडा आणि अवरक्त प्रकाश त्वचेतून आरपार सोडून ऑक्सिजन ठरवतो. गडद त्वचेतलं मेलॅनिन त्या हिशेबात गडबड करतं आणि यंत्र खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतं. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवलं की यंत्रावर ९२ ते ९६ दिसत असताना खरा ऑक्सिजन ८८ च्या खाली असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के आणि कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के होतं. तिथे कित्येकांना याच आकड्यावर घरी पाठवलं गेलं असणार. आपल्याकडेही त्वचा सावळी ते गडद, म्हणून तब्येत ठणठणीत असतानाच आपला नेहमीचा आकडा लिहून ठेवा. मोजताना हात गरम हवा, बोटावर नेलपॉलिश किंवा मेंदी नको, आणि आकडा स्थिरावेपर्यंत मिनिटभर थांबा. सहा मिनिटं चालून परत मोजा. ३ अंकांनी किंवा जास्त घसरला तर डॉक्टरांना कळवा. आणि यंत्र ९५ दाखवत असताना धाप लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर आकड्यावर विसंबू नका. रुग्णालयात जा आणि धमनीतल्या रक्ताची तपासणी करायला सांगा.