वास घटतोय की वाढतोय, ते आधी बघा

तुमचा प्रश्न वाचला. नाशिकच्या इंदिरानगरला वन बीएचकेत एकटे राहता, सिलिकॉनची म्हणून माणसाएवढी सेक्स डॉल मागवलीत, येऊन तीन आठवडे झाले. बेडरूममध्ये शिरलं की उग्र वास येतो आणि डोकं जड होतं. विकणारा म्हणतो, नव्या मालाचा वास आहे, जाईल. तुम्ही ती कपाटात उभी करून आत डांबराच्या गोळ्या ठेवल्यात, जंतुनाशकाच्या पाण्याने दोनदा पुसून काढलीत, तरी फरक नाही. आता विचारताय की ही वस्तू शरीराला अपायकारक आहे का आणि परत करावी का. विचारताना माफीही मागितलीत. त्याची काही गरज नव्हती. जी वस्तू अंगाला लागणार ती कशाची बनली आहे, हे विचारायलाच हवं.

मी अंबडच्या एमआयडीसीत सिलिकॉन रबराच्या मोल्डिंगमध्ये बरीच वर्षं काढली. गास्केट, ओ-रिंग, ग्रोमेट आणि काही काळ दवाखान्यात लागणाऱ्या नळ्या. डॉल आम्ही बनवल्या नाहीत, पण माल त्याच घराण्यातला. तेव्हा मालाबद्दल जे ठाऊक आहे ते सांगतो.

सगळ्यात आधी त्या गोळ्या काढून टाका. आजच. पुढचं नंतर वाचलंत तरी चालेल.

सिलिकॉन वरून घट्ट दिसतं, पाणी आत जाऊ देत नाही, पण वायू आणि वाफा त्यातून नैसर्गिक रबरापेक्षा कितीतरी सहज आरपार जातात. याच गुणामुळे सिलिकॉन हायड्रोजेलच्या कॉन्टॅक्ट लेन्समधून डोळ्याला ऑक्सिजन मिळतो. आणि याच गुणामुळे कुकरच्या सिलिकॉन रिंगला मसाल्याचा वास बसला की कितीही घासा, निघत नाही, कारण तो पृष्ठभागावर नसतो, आत शिरलेला असतो. तुमच्या कपाटात नेमकं हेच झालं असणार. डांबराची गोळी नॅफ्थलीनची असते, काही पॅराडायक्लोरोबेन्झीनच्या असतात. बंद कपाटात त्याची वाफ भरते आणि तीस-चाळीस किलो सिलिकॉन ती शोषून घेतं. मग कपाट उघडं ठेवलं तरी तीच वाफ हळूहळू खोलीत येत राहते. नॅफ्थलीनच्या वाफेने डोकं दुखतं, मळमळतं. ज्यांना जी-सिक्स-पीडी या रक्तपेशींतल्या एन्झाइमची जन्मजात कमतरता आहे त्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते 'कदाचित कर्करोगकारक' या गटात ठेवलंय. तुमच्या डोकेदुखीत डॉलपेक्षा गोळ्यांचा वाटा मोठा असावा, असं माझं स्पष्ट मत आहे. कापूर, अगरबत्ती, रूम फ्रेशनर, फिनेल यांचंही तेच. वासावर वास चढवला की दोन्ही आत बसतात.

आता मूळ वासाकडे येऊ. कारखान्यात आम्हाला एक सवय लागलेली असते. वास किती आहे यापेक्षा तो कुठल्या दिशेने चाललाय ते बघायचं. रोज थोडा थोडा घटत असेल तर आत अडकलेलं काहीतरी बाहेर पडतंय आणि संपणार आहे. तसाच टिकून असेल तर मालच ते सोडतोय. आणि सुरुवातीला नव्हता, मग आला आणि वाढतोय, असं असेल तर तो मालाचा वास नाही, ओलीचा आहे. तिन्हींवर उपाय वेगळे आहेत. विकणाऱ्याचं 'जाईल' हे फक्त पहिल्या प्रकारात खरं ठरतं.

पहिला प्रकार समजायला सिलिकॉन कसं पक्कं होतं ते थोडं बघावं लागेल. प्रेसमधून गास्केट काढताना जो आंबटसर, नाकात जाणारा वास येतो तो पेरॉक्साइडचा. पेरॉक्साइडने रबर पक्कं होताना त्याचे तुकडे आम्लं बनून आत राहतात. म्हणून माल काढल्यावर तो पुन्हा ओव्हनमध्ये, साधारण २०० अंशांवर चार तास, एक्झॉस्ट चालू ठेवून भाजतात. याला आम्ही पोस्ट क्युअर म्हणतो. घाईत कोणी हे टाळलं तर काही प्रकारच्या मालावर आठवड्याभरात पांढरी बारीक भुकटी फुलून येते. बोटाने पुसली की जाते, परत येते. ते आतलं आम्लच बाहेर आलेलं असतं.

डॉल मात्र अशी प्रेसमध्ये होत नाही. द्रवरूप सिलिकॉनचे दोन भाग मिसळून सांगाड्याभोवती साच्यात ओततात. इथे दोन रीती आहेत. प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने पक्कं होणारं सिलिकॉन जोडणीने पक्कं होतं, मागे जवळजवळ काही उरत नाही. कथिलाच्या उत्प्रेरकाने होणारं स्वस्त पडतं, पण पक्कं होताना अल्कोहोल सोडतं, म्हणून स्पिरिटसारखा वास येतो. तो उडून जातो. कथिलाचं संयुग मात्र आतच राहतं. या कामात डायब्युटिलटिन नावाचं संयुग वापरतात, आणि युरोपात ग्राहकोपयोगी वस्तूंमध्ये त्याच्या प्रमाणावर कायद्याने मर्यादा आहे. शिवाय कथिलवालं सिलिकॉन काही वर्षांनी कमकुवत होऊन फाटायला लागतं. म्हणून अंगाला, त्यातही नाजूक जागी लागणाऱ्या वस्तूसाठी प्लॅटिनमच घ्यावं, यात माझ्याकडून तडजोड नाही. विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा, प्लॅटिनम क्युअर आहे का टिन क्युअर. 'मेडिकल ग्रेड आहे साहेब' हे त्याचं उत्तर होत नाही.

प्लॅटिनमवाल्यातही थोडा वास असू शकतो. माल चिकटू नये म्हणून साच्याला मारलेलं रिलीज, चेहऱ्याच्या रंगातला सॉल्व्हंट, वजन कमी करायला आत घातलेला पॉलियुरेथेन फोम. फोमचा वास माशासारखा, अमाइनचा येतो. आणि पुष्कळदा वास डॉलचा नसतोच, खोक्यातल्या काळ्या फोमचा आणि सोबत आलेल्या ब्लँकेटचा असतो. ते दोन्ही अजून खोलीत असतील तर आधी ते बाहेर काढा.

सिलिकॉन लांब साखळीच्या रेणूंचं बनतं, पण मऊ सिलिकॉनमध्ये काही छोटे वर्तुळाकार रेणू, म्हणजे सिलॉक्सेन, राहून जातात, डी-फोर, डी-फाइव्ह, डी-सिक्स. युरोपीय संघाने २०१८ मध्ये ते 'अतिशय चिंताजनक पदार्थां'च्या यादीत घातले, मुख्यतः ते पर्यावरणात टिकून राहतात आणि सजीवांत साठतात म्हणून. यांना फारसा वास नसतो. हे एवढ्यासाठी सांगतो की वास नाही म्हणजे माल चांगला, असं धरू नका. पीव्हीसी मऊ करायला घालतात त्या थॅलेटलाही जवळजवळ वास नसतो, आणि खरी काळजी त्याचीच करायची असते.

त्याहून मोठी शंका मला वेगळीच आहे. तुम्हाला मिळालंय ते सिलिकॉनच आहे का? बाजारात टीपीईच्या डॉल सिलिकॉन म्हणून सर्रास विकतात, किंवा डोकं सिलिकॉनचं आणि धड टीपीईचं. टीपीई म्हणजे स्टायरीन घराण्यातला प्लास्टिक-रबर आणि त्यात मुरवलेलं भरपूर खनिज तेल. ते तेल कायम थोडं थोडं बाहेर येत राहतं, त्यामुळे त्याचा रॉकेल-मेणबत्तीकडे झुकणारा वास पूर्ण कधीच जात नाही. टीपीई म्हणजे विष असं नाही, पण ते सच्छिद्र असतं, पूर्ण निर्जंतुक करता येत नाही, उन्हाळ्याच्या तापलेल्या खोलीत एका जागी दाबून ठेवलं तर आकार सोडतं, आणि गडद कपड्याचा रंग त्यात कायमचा उतरतो.

ओळखायचं कसं? टाचेखाली किंवा शिवणीवर साच्याची पातळ कड, म्हणजे फ्लॅश, राहिलेली असते. तिचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा ब्लेडने काढा. गॅलरीत स्टीलच्या ताटलीत ठेवून काडी लावा, चेहरा लांब ठेवा. सिलिकॉन वितळत नाही, पांढरट धूर देत जळतं आणि पांढरी राख उरते, कारण त्यातून शेवटी सिलिका बनते. टीपीई वितळून थेंब पडतो आणि काळी काजळी धरते. दुसरी चाचणी अजून सोपी. मांडीखाली साधा टिश्यू पेपर रात्रभर दाबून ठेवा. सकाळी तेलाचा पारदर्शक डाग ठळक दिसला तर तेल सुटतंय. मऊ सिलिकॉनमध्येही सिलिकॉन तेल घालतात, त्यामुळे फिकट डाग चालेल. भज्याच्या कागदासारखा झाला तर नाही.

सिलिकॉन निघालं तर वास घालवण्याचा उपाय साधा आणि वेळखाऊ आहे. कपाटातून बाहेर काढा. सौम्य, बिनवासाचा साबण आणि कोमट पाणी. बोअरचं जड पाणी असेल तर शेवटचा हात नळाच्या पाण्याचा द्या, नाहीतर साबणाचा पांढरट थर राहतो आणि पुढे त्यावरच बुरशी धरते. मानेच्या बोल्टमध्ये पाणी जाऊ देऊ नका, सांगाडा लोखंडी असेल तर गंजेल आणि तो वास वेगळाच. मग धुतलेल्या पांढऱ्या सुती चादरीवर, खिडकी उघडी आणि पंखा चालू असलेल्या खोलीत ठेवा. खोली जितकी ऊबदार तितकं आतलं लवकर बाहेर येतं, पण थेट उन्हात नको, रंगकाम खराब होतं. शेजारी कापडी पिशवीत ॲक्टिव्हेटेड कोळसा ठेवा. नॅफ्थलीन निघायला काही आठवडे लागतील. तोवर त्या खोलीत झोपू नका.

टीपीई निघालं तर ऊब देऊ नका, अल्कोहोल लावू नका. धुवून, टिपून, वर मक्याच्या स्टार्चची पावडर, म्हणजे कॉर्नफ्लोअर, लावतात. टॅल्कम मात्र टाळा. त्याच कर्करोग संस्थेने टॅल्कला २०२४ मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं. आणि पावडर ओल्या जागी कधीच नाही.

ओलीच्या वासाबद्दल नाशिककराला वेगळं सांगायला नको. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे चामड्याच्या चपलांना बुरशी येते, तीच इथेही येते. सिलिकॉन बुरशीचं अन्न नाही, पण त्यावरचा घाम, साबण, पीठ, जेल हे आहे. कुबट किंवा कुजका वास येत असेल तर तो बहुतेक वेळा आतल्या पोकळीतून येतो. वापरानंतर लगेच धुणं आणि आतून पूर्ण कोरडं करणं, याला पर्याय नाही. आतला भाग काढता येण्यासारखा असेल तर नेहमी काढूनच धुवा, न सुटणारा असेल तर शोषक कापड आत ठेवून दोन-तीनदा बदला. त्वचेला चीर पडून फोम दिसत असेल तर तिथून पाणी आत गेलेलं असतं. तो वास धुऊन जात नाही आणि ती वस्तू मग वापरू नये. जेल पाण्याचंच घ्या. सिलिकॉनचं जेल सिलिकॉनमध्ये मुरतं, पृष्ठभाग फुगतो आणि चिकट होतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. आपल्याकडे खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, पण ते १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना. ही वस्तू त्यात येत नाही. म्हणजे तपासणारा तुमच्याशिवाय कोणी नाही. आंतरराष्ट्रीय पातळीवर २०२१ चं आयएसओ ३५३३ हे अशा वस्तूंसाठीचं मानक आहे. त्वचेच्या चाचण्यांसाठी आयएसओ १०९९३ चे भाग आहेत. विकणारा सर्टिफिकेट पाठवेल तेव्हा एकच बघा, ते पिंपातल्या कच्च्या मालाचं आहे की तयार वस्तूचं. बहुतेक वेळा कच्च्या मालाचं असतं. चांगल्या मालात रंग, तेल, रिलीज काय मिसळलं, ते त्या कागदावर नसतं. दवाखान्याच्या नळ्या करताना आम्हाला तयार नळीचे नमुने तपासायला पाठवावे लागत, कंपाऊंडच्या कागदावर कोणी माल उचलत नसे.

अंगाला लावण्याआधी धुतलेला भाग हाताच्या आतल्या बाजूला अर्धा तास टेकवा आणि दोन दिवस बघा. खाज, लाली, पुरळ आलं तर थांबा आणि त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. त्यांना वस्तू काय आहे ते सरळ सांगा. ते असं रोज ऐकतात आणि अर्धवट सांगितलं तर उपचारही अर्धवट होतात. दमा असेल किंवा गोळ्या काढूनही चक्कर, मळमळ राहिली तर फिजिशियनकडे जा, वाट बघू नका.

परत करायचं का? जळणाच्या चाचणीत थेंब पडला आणि बिलावर सिलिकॉन लिहिलेलं असेल, तर हो, परत करा. ताटलीचा फोटो, कागदाचा फोटो आणि बिल एकत्र पाठवा, आणि परत करायची मुदत कधी संपते ते आज रात्रीच बघून ठेवा. पांढरी राख आली तर घाई नको. गोळ्या काढून दोन आठवडे हवेशीर ठेवा आणि मग वास घटलाय का ते इथे लिहा. कसला वास आहे तेही लिहा, स्पिरिटसारखा, माशासारखा, तेलकट की कुबट. त्यावरून पुढचं सांगता येईल.