निळा धूर आणि इंजिन खोलायची घाई

प्रश्न : नऊ वर्षं वापरलेली पेट्रोल गाडी घेतली. सकाळी स्टार्ट केली की निळसर धूर येतो, मग थांबतो. खंबाटकी घाट उतरून पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दिला की तोच धूर. मिस्त्री म्हणतात, इंजिन करावं लागेल. करू का?
– एक वाचिका, सातारा

उत्तर : ताई, इतक्यात इंजिन खोलू देऊ नका. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पण घाटाचं लिहिलंत, ते फार मोलाचं. उतारावर पाय काढून गाडी गिअरमध्ये उतरते, तेव्हा इंजिनातला व्हॅक्यूम, म्हणजे आत ओढणारा जोर, वाढतो आणि कडक झालेल्या व्हॉल्व्ह सीलमधून (व्हॉल्व्हच्या दांड्यावर ऑइल अडवणाऱ्या रबरी टोप्या) ऑइल आत खेचलं जातं. रात्री तेच थेंब थेंब झिरपतं. माझा संशय सीलवरच आहे. पिस्टनच्या रिंग गेल्या असत्या तर चढावर, जोर लावताना जास्त धूर दिसला असता.

तरी संशयावर पैसे घालू नका. आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनातली ऑइलची वाफ पुन्हा जळायला पाठवणारी झडप, बघा. स्वस्त भाग आहे, तो बिघडला तरी ऑइल जळतं. मग कम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजून घ्या. एखादा सिलिंडर कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायला सांगा. आकडा चढला तर दोष रिंगचा, नाहीतर व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा (हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, त्याच्या खालचं पॅकिंग). सगळे सारखे, चांगले आले तर फक्त सील बदला. पुष्कळ इंजिनांत हेड न उतरवता ते जमतं.

जाड ऑइल घालून धूर दाबायचा सल्ला मिळेल, तो मला अजिबात पटत नाही. थंड इंजिनात ते वरच्या भागांपर्यंत पोचायला वेळ लागतो. डिपस्टिक दर आठवड्याला बघा, आणि काम फार लांबवू नका. जळकं ऑइल धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं, आणि तो सीलपेक्षा कितीतरी महाग.