चेश्मेहून खिओस: बोटीचं तिकीट काढण्याआधी हे वाचा

तुम्ही लिहिलंय, तुर्कीत इझ्मीरला आहात, एक दिवस मोकळा आहे, जवळच्या चेश्मे बंदरातून बोटीनं समोरच्या खिओस या ग्रीक बेटावर जाऊन पिर्गी-मेस्ता ही जुनी गावं बघून संध्याकाळी परत, आणि तिकीटवाला म्हणतो ‘व्हिसा बंदरावरच मिळतो’. तुमची पोस्ट वाचून माझी जुनी जखम ठसठसली. तो धड खोटंही बोलत नाहीये. बंदरावर व्हिसा मिळतो, पण तुर्की नागरिकांना. आपल्याला, म्हणजे भारतीय पासपोर्टवाल्यांना, शेंगेनच (ग्रीससकट युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) लागतो. अशाच एका कचेरीत माझा पासपोर्ट नीट चाळून ‘नो प्रॉब्लेम’ म्हणत जाण्या-येण्याचं तिकीट माझ्या हातात ठेवलं. पासपोर्टच्या खिडकीवर मला बाजूला काढलं, बोट गेली. परत कचेरीत गेलो तर साहेब ओळखच दाखवेनात, आणि पैसे? ‘सिस्टीममध्ये होत नाही.’

शेंगेन हातात असेल तरी थांबा. आपल्याला तुर्कीचा ई-व्हिसा एकाच प्रवेशाचा मिळतो. बेटावर गेलात की तो संपला, संध्याकाळी परतायला दुसरा हवा. हे काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही. (मी एजंट नाही, नियम बदलतात, स्वतः तपासा.)

आणि खरं सांगू? व्हिसा असला तरी एका दिवसात ही गावं उरकू नका. मेस्तात एक रात्र राहा. चाच्यांच्या भीतीनं इटलीतल्या जिनोव्हाच्या अमलात (१३४६ ते १५६६) वसवलेलं गाव आहे ते. कडेच्या घरांच्या पाठी हीच तटबंदी, बाहेरच्या बाजूला खिडकी नाही. छपरं एकमेकांना जोडलेली, म्हणजे हल्ला झाला तर वरून पळत मधला बुरूज गाठायचा. गल्ल्या मुद्दाम चकव्याच्या आणि कमानींनी झाकलेल्या, भर दुपारीही अंधारून येतं. फोनवरचा नकाशा तिथे हात टेकतो.

एवढी राखण कशासाठी? मस्तकीच्या डिंकासाठी. आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात रुमी मस्तकी मिळते, तीच ही. उन्हाळ्यात झाडाखालची जमीन झाडून पांढरी माती पसरतात, खोडाला बारीक चिरा देतात आणि खाली पडून सुकलेले थेंब वेचतात. नंतर घरोघरी बायका एकेक खडा साफ करत बसतात. १८२२ साली तुर्की सुलतानाच्या फौजेनं केलेल्या कत्तलीत बेट उजाड झालं, पण ही गावं बहुतांशी वाचली ती याच डिंकामुळे. सुलतानाच्याच दरबाराला तो हवा होता.

पिर्गीत मात्र भिंती बघायच्या. गडद गिलाव्यावर चुन्याचा पांढरा हात देतात आणि तो ओला असतानाच जेवणाच्या काट्यानं (फोर्कनं) खरवडून त्रिकोण-चौकटी काढतात. सज्ज्यांची खालची बाजूसुद्धा सोडलेली नाही! शरद ऋतूत गेलात तर त्याच सज्ज्यांवर वाळत टाकलेल्या टोमॅटोच्या माळाही दिसतील.

पिर्गीजवळचं मस्तकीचं संग्रहालय २०१६ साली उघडलं, चांगलं आहे, पण आधी गाव बघा. रविवारी बसच्या भरवशावर राहू नका, सरळ गाडी भाड्यानं घ्या.

माझं मत विचाराल तर इझ्मीरहून हा घाट घालूच नका. ग्रीसची वेगळी सहल होईल तेव्हा अथेन्सच्या पिरेअस बंदराहून रात्रीची बोट धरा. दोन-दोन व्हिशांची कटकट तरी नाही.