भिशी चुकत नाही, संकल्प मात्र मोडतो

या वेळी आलेल्या पत्रांचा विषय वेगवेगळा असला, तरी बहुतेकांच्या तळाशी 'कळते पण वळत नाही' ही एकच तक्रार आहे. ठरवलेले उद्दिष्ट आणि प्रत्यक्ष वागणे यांतील अंतर ओळखून वागण्याला वळण देण्याच्या क्षमतेला मानसशास्त्रात आत्मनियमन म्हणतात. मराठीत 'वळण' या शब्दाला रस्त्याचे वळण आणि घरातून लागलेले वळण असे दोन्ही अर्थ आहेत, हे पुढची उत्तरे वाचताना लक्षात ठेवावे.

प्रश्न : मी अकरा वर्षे दोन भिशींमध्ये आहे आणि एकही हप्ता चुकवलेला नाही. पण दरमहा हजार रुपये स्वतःसाठी बाजूला टाकायचे ठरवले की तिसऱ्या महिन्यात ते पैसे संपलेले असतात. बाई तीच, पगार तोच. मग असे का व्हावे? (एक शिक्षिका, सांगली)

तुमच्या प्रश्नातच निम्मे उत्तर आहे. बाई तीच असूनही वागणे बदलत असेल, तर शिस्त हा केवळ त्या बाईचा गुण नसून ती ज्या व्यवस्थेत वावरते त्या व्यवस्थेचाही गुण आहे, असे मानावे लागते.

भिशीकडे कोरड्या हिशेबाने पाहा. बाराजणी दरमहा दोन हजार काढतात, चिठ्ठी निघते आणि एकीला चोवीस हजार मिळतात. पहिली चिठ्ठी जिची निघते तिला बिनव्याजी कर्ज मिळते, पण शेवटची चिठ्ठी जिच्या वाट्याला येते ती वर्षभर दुसऱ्यांना बिनव्याजी पैसे देत असते. बँकेच्या आवर्ती ठेवीत तिला थोडे तरी व्याज मिळाले असते. तरीही ती पुढच्या वर्षी पुन्हा भिशीत असते. पश्चिम केनियातील अशाच बचतमंडळांचा अभ्यास मेरी के गुगर्टी यांनी २००७ साली प्रसिद्ध केला. त्यात सभासदांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा होता की एकट्याने बचत होत नाही. घरातल्या मोकळ्या पैशावर भाचीचे लग्न, कुणाचा दवाखाना, दारात आलेली सवलतीची साडी अशा साऱ्यांचा हक्क असतो, आणि प्रत्येक वेळी नकार देण्याची जबाबदारी एकट्या तुमच्यावर पडते. 'ते भिशीचे आहेत' एवढे म्हटले की नकार तुमचा राहत नाही, तो अकराजणींचा होतो. शिवाय रक्कम ठरलेली, तारीख ठरलेली आणि साक्षीदार शेजारीच राहणारे, त्यामुळे दर महिन्याला नव्याने निर्णय घ्यावाच लागत नाही.

फिलिपिन्समधील एका बँकेने आपल्या जुन्या ग्राहकांपैकी काहींना एक विचित्र खाते देऊ केले होते. ठरवलेली तारीख येईपर्यंत किंवा ठरवलेली रक्कम जमेपर्यंत त्यातून पैसे काढता येणार नव्हते, आणि त्याबद्दल जादा व्याजही मिळणार नव्हते. तरी सुमारे २८ टक्के लोकांनी ते घेतले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात, ज्यांना हे खाते देऊ केले होते त्या संपूर्ण गटाच्या शिलकेतील टक्केवारीची वाढ एका वर्षानंतर तुलनेच्या गटापेक्षा ८१ अंकांनी जास्त होती. स्वतःच्या हाताला आधीच कुलूप लावून ठेवणाऱ्या या माणसांना मी दुबळे म्हणणार नाही; त्यांनी स्वतःला नीट ओळखले आहे. तुम्हीही पगाराच्या दुसऱ्याच दिवशी खात्यातून आपोआप वळती होणारी आवर्ती ठेव सुरू करा, आणि ती कशासाठी आहे हे भिशीतल्या एखाद्या मैत्रिणीला सांगून ठेवा. एक सावधगिरी मात्र बाळगा : भिशीतील शिस्त ओळखीच्या जोरावर टिकते. अनोळखी चालक मोठ्या परताव्याचे आमिष दाखवून जे चालवतो त्याला भिशी म्हटले, तरी तिथे हा जोर नसतो.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. अभ्यासिकेत बसलो तरी दर पंधरा मिनिटांनी हात फोनकडे जातो आणि रात्रीपर्यंत इच्छाशक्ती संपलेली असते. ती वाढवण्याचा काही व्यायाम आहे का? (एक विद्यार्थी, पुणे)

इच्छाशक्ती टाकीतल्या पाण्यासारखी वापरली की संपते, ही कल्पना रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांच्या १९९८ च्या प्रयोगामुळे लोकप्रिय झाली. समोर ताजी बिस्किटे असताना ज्यांना मुळे खाऊन राहावे लागले, त्यांनी नंतर दिलेले न सुटणारे कोडे सुमारे ८ मिनिटांत सोडून दिले, तर बिस्किटे खाल्लेल्यांनी जवळजवळ १९ मिनिटे झुंज दिली. कथा चटकदार आहे. परंतु २०१६ साली २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांहून अधिक लोकांवर या कल्पनेची पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा परिणाम जवळपास शून्य निघाला. वाद अजून मिटलेला नाही; पण टाकी रिकामी झाली असे समजून रात्रीचा अभ्यास सोडून देण्याइतका भक्कम आधार या कल्पनेला आहे, असे मला वाटत नाही.

तुमच्या उपयोगाचा निष्कर्ष वेगळाच आहे. विल्हेल्म हॉफमन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जर्मनीतील सुमारे दोनशे प्रौढांना दिवसभरात वेळोवेळी विचारले, की या क्षणी कोणता मोह होतो आहे आणि तुम्ही त्याला विरोध करत आहात का. ज्यांचा आत्मसंयम चांगला समजला जात होता, ते मोहाशी अधिक जोराने झगडत असतील अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात त्यांना झगडावे लागण्याचे प्रसंगच कमी येत होते. म्हणून फोन खिशात ठेवून मन घट्ट करण्यापेक्षा तो अभ्यासिकेबाहेरच्या कपाटात ठेवा, किंवा शेजारच्या मित्राशी फोनची अदलाबदल करा. त्याचा फोन तुम्हाला उघडता येणार नाही आणि तुमचा मागायला संकोच वाटेल. त्याला 'जर-तर'च्या योजनेची जोड द्या : 'कमी फोन पाहीन' असे न म्हणता 'चहासाठी उठलो, तरच फोन पाहीन' असे लिहून ठेवा. पीटर गोलविट्झर यांनी मांडलेल्या या साध्या युक्तीचा २००६ साली ९४ चाचण्यांच्या आधारे आढावा घेतला गेला, आणि नुसत्या निश्चयापेक्षा ती बरीच अधिक कामी येते असे दिसले.

प्रश्न : माझ्या पाच वर्षांच्या नातवासमोर मुलाने एक चॉकलेट ठेवले आणि पंधरा मिनिटे थांबलास तर दोन देईन असे सांगितले. नातवाने ते लगेच खाल्ले. तेव्हापासून सूनबाई काळजीत आहेत. काळजी करावी का? (एक आजोबा, नाशिक)

आजोबा, अजिबात करू नये. वॉल्टर मिशेल यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत सुरू केलेल्या प्रयोगांची ही घरगुती आवृत्ती आहे. थांबलेली मुले पुढे अभ्यासात सरस ठरली, ही बातमी जगभर पसरली. २०१८ साली नऊशेहून अधिक मुलांच्या माहितीवर तीच तपासणी पुन्हा झाली. तेव्हा हा संबंध आधीच्या निम्मा निघाला, आणि घरची परिस्थिती व इतर बाबी जमेस धरल्यावर त्यातलाही बराचसा विरला.

मला याहून बोलका वाटतो तो २०१३ चा २८ मुलांवरील छोटा प्रयोग. निम्म्या मुलांना आधी चांगले रंग आणून देतो असे सांगून खरोखरच आणून दिले. उरलेल्यांची 'नाहीत गं, माफ कर' म्हणून बोळवण केली. नंतरच्या मिठाईच्या परीक्षेत पहिला गट सरासरी १२ मिनिटे थांबला, दुसरा अवघी ३ मिनिटे. ज्याचा शब्द पाळला जातो त्याला थांबणे परवडते. तेव्हा नातवाची परीक्षा घेण्याआधी 'उद्या बागेत नेतो' असे गेल्या महिन्यात किती वेळा म्हटले आणि किती वेळा नेले, याचा हिशेब घरातल्या मोठ्यांनी करावा.

प्रश्न : आमच्या ४८ सदनिकांच्या सोसायटीत ओला-सुका कचरा वेगळा न देणाऱ्यास शंभर रुपये दंड ठेवला. सुरुवातीला फरक पडला. आता काही सभासद 'वर्षाचा दंड आगाऊ घ्या आणि कटकट मिटवा' असे म्हणतात. दंड वाढवावा का? (एक सचिव, ठाणे)

तुमचे सभासद नकळत एका गाजलेल्या प्रयोगाची पुनरावृत्ती करत आहेत. इस्राएलमधील हैफा येथील १० पाळणाघरांत पालक मुलांना न्यायला उशिरा येत असत. त्यांपैकी ६ ठिकाणी दहा मिनिटांहून अधिक उशिराला १० शेकेल दंड सुरू केला, तेव्हा उशिरा येणाऱ्यांची संख्या घटण्याऐवजी जवळपास दुप्पट झाली. यूरी नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी यांनी २००० साली त्याची मांडणी केली ती अशी, की दंड ही किंमत झाली. आधी उशीर झाला की थांबून राहिलेल्या बाईंसमोर ओशाळल्यासारखे होत असे. पैसे दिल्यावर ओशाळण्याचे कारण उरले नाही. पुढे दंड रद्द केला, तरी उशीर पूर्वीच्या पातळीवर आला नाही. तेव्हा तुम्ही उद्या दंड मागे घेतला, तर गेलेली भीड परत येईल असे समजू नका.

याचा अर्थ समूहात शिक्षा नकोच, असा नाही. एर्न्स्ट फेअर आणि सिमोन गेश्टर यांच्या प्रयोगांत चारचार जणांचे गट सामाईक निधीत रक्कम टाकत. फुकट्यांना कुणी काही करू शकत नव्हते तेव्हा फेरीगणिक सगळ्यांचाच हात आखडत गेला. स्वतःच्या पदरचे थोडे पैसे मोजून फुकट्याला दंड करण्याची मुभा मिळताच योगदान वाढले. हा दंड कुणा बाहेरच्याने नव्हे, तर बरोबरीच्यांनी केलेला होता.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते सामाईक पाणी, कुरणे आणि मासेमारी वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या समूहांच्या अभ्यासासाठी. टिकलेल्या समूहांत नियम पाळणाऱ्यांनीच नियम केले होते, देखरेख करणारे त्यांच्यातलेच किंवा त्यांना उत्तरदायी होते, आणि पहिल्या चुकीची शिक्षा सौम्य असून ती पायरीपायरीने वाढत जाई. आपल्याकडे धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवरची फड पद्धत याच घडणीची. बंधाऱ्याखालचे शिवार फडांत विभागलेले, एका फडात एकच पीक, आणि शेतकऱ्याची जमीन शक्यतो वेगवेगळ्या फडांत. पाणी कमी पडले की त्याची झळ थोडीथोडी सर्वांनाच लागे, म्हणून एकट्याने पाणी पळवण्यात शहाणपणा उरत नसे. पाणी फिरवणारा पाटकरी आणि राखण करणारा जागल्या यांचा मोबदला शेतकरीच देत.

तुमच्या सोसायटीत नियम समितीने केला, दंड पावतीवर चढला आणि घाणीत हात घालणारी सफाई कामगार कुणालाच दिसली नाही. आगाऊ दंड अजिबात स्वीकारू नका. विशेष सभा बोलवा, आणि त्या कामगार ताईंची तयारी असेल तर मिसळलेला कचरा हाताने वेगळा करताना काय होते हे त्यांनाच सांगू द्या. दर आठवड्याला दोन घरांनी सकाळी डब्यांजवळ उभे राहण्याची पाळी लावा. त्यात समितीचे सदस्यही आलेच. पहिल्या चुकीला चिठ्ठी, दुसऱ्या वेळी मजल्यावरच्या शेजाऱ्याचे तोंडी सांगणे, तिसऱ्या वेळी दंड. पाळीला सर्वांत आधी अध्यक्षांचे घर असावे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

प्रश्न : कार्यालयातल्या बैठकीत चुकीचा निर्णय होताना सगळे गप्प बसतात आणि बाहेर येऊन कुरकुरतात. हा संयम म्हणायचा का? (एक वाचक, कोल्हापूर)

म्हणायचा, पण चुकीच्या जागी वापरलेला. आत्मनियमनात थांबणे येते तसे वेळेवर पुढे होणेही येते. १९६८ च्या एका प्रयोगात बिब लाटाने आणि जॉन डार्ली यांनी खोलीत झरोक्यातून धूर सोडला. एकट्या बसलेल्यांपैकी पाऊणजणांनी बाहेर येऊन सांगितले. शेजारी दोघे शिकवून ठेवलेले लोक निर्विकार बसले असताना दहांपैकी एकानेच. बाकीचे स्वतःची शंका दाबून त्या दोघांचे चेहरे वाचत राहिले. तुमच्या बैठकीत तर प्रत्येकजण हेच करत असावा. बैठकीत चर्चेआधी प्रत्येकाने आपले मत कागदावर लिहावे आणि साहेबांनी सर्वांत शेवटी बोलावे, एवढा बदल सुचवून पाहा. सध्या तुमच्याकडे पहिले वाक्य कोण बोलतो, हे पुढच्या तीन बैठकांत टिपून मला कळवलेत तर त्यावर सविस्तर लिहिता येईल.